बंद खिडकीजवळचा राउटर

मित्रांनो, पुस्तकांच्या कपाटावर बसलेला, एक अँटेना चिकटपट्टीने सावरलेला जुना राउटर म्हणजे मी. माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे हजारो होते. गावाबाहेरच्या या घरात मात्र मी एकटाच. रस्त्यावरच्या खांबावरून एक बारीक वायर खिडकीच्या फटीतून आत येते. तिच्यातून प्रकाश येतो आणि तो इंटरनेट म्हणून मी घरभर वाटतो.

घरातल्या बाई ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवतात. मुले आपापल्या घरी, बाई इथे आणि मधे मी. त्यांची भाषा हातांची. चित्र अडखळले की शब्दच मोडतो. पहिली काही वर्षे मी कधी अडखळलो नाही. "आमचा राउटर गुणी आहे हो," असे बाई पाहुण्यांना सांगायच्या, तेव्हा मला कोण आनंद व्हायचा!

यंदा कडाक्याची थंडी पडली आणि वेग मंदावला. बाईंची बोटे पडद्यावर अर्ध्यातच थिजू लागली. पलीकडची एक चिमुरडी तर रडकुंडीला यायची. बाईंनी मला बंद करून चालू केले, पुसले, जागा बदलून पाहिली. काही उपयोग नाही. शेवटी त्या चिमुरडीच्या आईने कळवले, "असंच चालणार असेल तर आम्ही दुसरीकडे बघतो."

मग घरात संशय शिरला. बाईंना वाटले, नवरा कामाच्या नावाखाली सामने बघतो. नवऱ्याला वाटले, हा राउटरच कामातून गेला. नवऱ्याच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे वन्संची नजर मात्र कुंपणापलीकडे गेली.

"अगं, शेजारच्या काकूंना पासवर्ड तूच दिलास ना? त्यांच्याकडे पाहुणे उतरलेत. आपल्या जिवावर दिवसभर सिनेमे चालत असतील."

"वन्सं, काकू तशा नाहीत हो."

"त्यांच्या घरात डोकावून आलीस का तू?"

संध्याकाळी बाईंनी पासवर्ड बदलला. शिवाय वायफाय तिकडे जायला नको म्हणून काकूंच्या बाजूची खिडकी घट्ट ओढून कडीही घातली. वेग आणखी घसरला.

"बघ! नवा पासवर्डही काढला त्यांनी!" वन्सं म्हणाल्या.

आता काकू अंगणात दिसल्या की बाई आत वळत. काकू क्षणभर थांबत, मग त्याही वळत. त्यांचा फोन पूर्वीही कधीमधीच माझ्याशी जुळायचा आणि पासवर्ड बदलल्यापासून तर मुळीच नाही, हे मला ठाऊक होते. पण मला बोलता येत नाही ना!

अखेर दुरुस्तीवाला आला. खांबावर सगळे ठीक होते. त्याने सगळ्यांचे वायफाय बंद करून आपला लॅपटॉप वायरने मला जोडला, तरी वेग तसाच.

"कोणी चोरत नाहीये," तो म्हणाला. "राउटरपर्यंतच नीट पोहोचत नाहीये." खांबावरून येणारी वायर चाचपत तो खिडकीपाशी गेला. "ही खिडकी कायम बंद असते?"

"थंडी पडल्यापासून," नवरा म्हणाला. "हल्ली कडी लावून."

दुरुस्तीवाल्याने कडी काढली. लॅपटॉपवरचा आकडा सरसर चढला.

"वायर चौकटीत चेंगरत होती, आतला प्रकाश अडत होता. जितकी घट्ट लावाल, तितकं स्लो."

वन्सं उगाच उशीचा अभ्रा नीट करू लागल्या.

बाई तशाच शेजारी गेल्या. उघड्या खिडकीतून मला सगळे ऐकू आले.

"काकू, चुकलं माझं. तुम्हीच आमचं नेट वापरताय असं वाटलं मला."

"पासवर्ड बदललास ते कळलं होतं गं," काकू म्हणाल्या. "रोज वाटायचं, आज तरी येऊन विचारशील."

मित्रांनो, आता वायर भिंतीतल्या भोकातून येते. ती चिमुरडी पुन्हा हातांनी भरभर बोलते. बाई अधूनमधून काकूंकडे जातात. काकू दार उघडतात, पण पूर्वीसारखे "बस गं" अजून म्हणत नाहीत. आमच्या वायरी वाकवू नका, चेंगरू नका, एवढे तर मी सांगेनच. पण कोणाचा संशय आला, तर खिडकी लावण्याआधी त्याला एकदा विचारा. वायर काय, एका दुपारी बदलून मिळते.