कोटाच्या आतल्या खिशातली बॅटरी

जानेवारीत माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली आणि डॉक्टरांनी वर्षभर घोड्यावर बसायचं नाही म्हणून बजावलं. मोंटानात गायी पाळणाऱ्या बाईला हे सांगणं सोपं, ऐकणं अवघड. मार्चमध्ये आमच्या गायी व्यायला लागतात. माझा नवरा ग्लेन सकाळी शाळेची बस चालवतो, त्यामुळे पहाटेनंतरची कुरणातली फेरी तीस वर्षं माझ्याकडेच होती.

शेजारच्या चार घरांनी मिळून मला कॅमेऱ्याचा ड्रोन आणला. पुढाकार ड्वाइट केसलरचा. त्याचं कुरण आमच्या कुंपणाला लागून आहे. "आता खुर्चीत बसून गायी मोज, आर्लिस," एवढंच बोलून तो खोकं टेबलावर ठेवून गेला. मी आभाराचं कार्ड पाठवलं, पण माझ्या मनाला ते लागलं होतं. लोकांच्या अडचणीला मी धावायची. माझ्यासाठी कुणी वर्गणी काढेल असं कधी वाटलं नव्हतं.

शनिवारी आम्ही लुइसटाउनला कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. ड्रोनबरोबर आणखी काय काय लागतं ते बघायचं होतं. ग्लेनने शिरल्या शिरल्या चाकांची मोठी पेटी, कॅमेऱ्यावर लावायच्या रंगीत काचांचा संच आणि लुकलुकणारे दिवे उचलले.

काउंटरमागे मरिसोल ओचोआ नावाची मुलगी होती. तिने आधी मला विचारलं, "तुम्ही हा उडवणार कशासाठी?"

"गायी शोधायला. बर्फात."

तिने ग्लेनच्या हातातल्या वस्तू एकेक करून परत फळीवर ठेवल्या. "या काचा सिनेमा काढणाऱ्यांसाठी, सर. गायींना फरक पडत नाही."

"आणि ही पेटी?" ग्लेनने जरा हिरमुसून विचारलं.

"ती विमानाने फिरणाऱ्यांना. तुम्ही पिकअपच्या सीटवरच ठेवणार ना?"

"हा ती पेटी स्वतःच्या जेवणाच्या डब्यासाठी मागतोय," मी म्हणाले. ती हसली आणि मग तिने माझ्यापुढे मोजक्या गोष्टी मांडल्या. दोन जादा बॅटऱ्या. गाडीत चार्ज करायची वायर. पंख्यांची जादा पाती. बर्फावर अंथरायची नारिंगी घडीची चटई, म्हणजे उडताना-उतरताना पंख्यात बर्फ जात नाही. आणि ड्रोनचं चित्र दाखवणाऱ्या फोनच्या पडद्याभोवती लावायचा काळा आडोसा, कारण बर्फाच्या चकाकीत पडद्यावर काहीच दिसत नाही.

"थंडीत बॅटरी लवकर उतरते," ती म्हणाली. "जादाच्या दोन्ही कोटाच्या आत, अंगाशी ठेवा. माझे बाबा मेंढ्या राखायचे, ते टॉर्चचे सेल असेच ठेवायचे." तेवढ्यावर न थांबता तिने दुकानामागच्या पार्किंगमध्ये नेऊन मला तासभर उडवायला शिकवलं. गिऱ्हाईकं थांबली होती, तरी.

पुढच्या मंगळवारी सकाळी पहिलटकरणींच्या कुरणात एक कालवड कमी भरली. ग्लेन बसवर होता. मी पिकअप गेटपाशी नेली, चटई अंथरली, ड्रोन सोडला. ओढ्याच्या काठाकाठाने सगळं पाहिलं. काही नाही. तेवढ्यात बॅटरी उतरली, ड्रोन माघारी आणावा लागला. मी कोटातली गरम बॅटरी घातली आणि या वेळी कुंपणाकडे गेले. एका जागी तारा खाली लोळल्या होत्या. पलीकडे ड्वाइटच्या घळीत कालवड उताणी पडली होती, चारही पाय वर. अशी पडलेली गाय स्वतः उठत नाही. पोट फुगून तासा-दोन तासात जाते.

हा गुडघा घेऊन त्या घळीत उतरणं मला शक्य नव्हतं. मी ड्वाइटला फोन लावला.

"कुठे आहे?" त्याने विचारलं.

"तुझ्या घळीत. मी ड्रोनने तिच्या डोक्यावर उभी आहे. आकाशात बघ आणि खालून चालत ये."

तो दोर घेऊन आला. वरून मी त्याला पाहत होते, फोनवरून वाट सांगत होते. "डावीकडे. अजून डावीकडे. डावा हात कुठला ते माहितीये ना?" त्याने पायांना दोर बांधून तिला कुशीवर ओढलं. ती तशीच पडून राहिली. मग एकदम धडपडून उठली आणि त्यालाच ढुशी द्यायला धावली. पडद्यावर ड्वाइट पळताना पाहून मला हसू आलं, आणि हसता हसता रडू.

त्याच संध्याकाळी ती व्यायली. काळी वासरी, कपाळावर पांढरा ठिपका.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात फोन करून मरिसोलला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबांना सांगते आज. त्यांना फार आवडेल." नंतर घरी भाजलेल्या ॲपल-पायचं ताट घेऊन मी ड्वाइटकडे गेले.

"ड्वाइट, कार्डात लिहिलेलं राहू दे," मी म्हणाले. "आता तोंडाने सांगते. तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी जे केलं, त्याचे आभार."

त्याने ताट हातात घेतलं, टोपी मागे सरकवली. "कुंपण काल दुपारीच जोडलं मी," तो म्हणाला. "पण वरच्या बाजूचे खांबही हलतायत."

एरवी मी म्हटलं असतं, आमचं आम्ही बघू.

"शनिवारी येशील का?" मी विचारलं. "ग्लेन एकटा ठोकायला लागला की तिरके बसतात."

"आठ वाजता येतो," ड्वाइट म्हणाला, आणि ताट ठेवायला आत गेला.