मिर्झाची काच

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. काबूलच्या एका सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवलं आणि उस्ताद हैदरकुल यांनी मला भिंग बसवून चौकातल्या आपल्या दुकानात ठेवलं.

आमच्या बादशहांनी मुलींसाठी शाळा काढल्या, कचेऱ्यांत कोट-टोपी सक्तीची केली. तेव्हा माझ्यापुढे रांग लागायची. उस्तादांची मुलगी माहपरी तुर्कस्तानला शिकायला जाणार होती. तिचा फोटो मीच काढला. कारकून मिर्झा सलामत तर दाढी उतरवूनच आला. म्हणाला, "उस्ताद, टोपी नीट दिसू द्या. फोटो वरपर्यंत जायचाय." प्रत्येक फोटो आधी काचेवर उतरायचा आणि उस्ताद त्या काचा जपून ठेवायचे.

हिवाळ्यात बंड झालं. बंडखोर शहरात शिरले, बादशहा देश सोडून गेले, शाळांना कुलपं लागली. मिर्झाने पागोटं चढवलं. दाढी वाढेस्तोवर तोंडाला फडकं गुंडाळून फिरला. शिकणाऱ्या मुलींची यादी त्याने चौकात वाचून दाखवली, तेव्हा आमची जुनी गिऱ्हाइकंही त्याच्या मागे उभी होती. मग त्याने बंडखोरांना घरोघर नेलं. आमच्या दाराशी येऊन म्हणाला, "हाच तो. परक्या बायकांचे फोटो काढतो."

त्यांनी चौकात उस्तादांच्या उजव्या हाताची बोटं मोडली. मलाही लाथ बसली, कोपरा फुटला.

माहपरी रडली नाही. वडिलांना घास भरवताना तिने विचारलं, "मिर्झाची काच कुठं ठेवलीय?"

"जाऊ दे, पोरी. अल्ला बघून घेईल."

"त्याला कामं खूप आहेत, बाबा. काच द्या."

त्या काचेवरून तिने सात फोटो छापले. बंडखोरांनीच लादलेला बुरखा पांघरून भर दुपारी बाजारभर चिकटवून आली. बुरख्यातल्या बाईकडे कुणी पाहिलं नाही. समोरच्या रोटी भाजणाऱ्या नानबाईच्या भिंतीपाशी मात्र गर्दी जमली.

"हा गुळगुळीत कोण?"

"आपले मिर्झासाहेब. टोपी शोभते हो त्यांना."

संध्याकाळच्या आत बंडखोरांनी मिर्झाला त्याच चौकात आणून चाबकाने फोडलं. माहपरी शेवटचा फटका मोजेपर्यंत उभी होती. मला दया आली नाही, आजही येत नाही. उस्तादांची बोटं पुन्हा वळली नाहीत. माहपरी तुर्कस्तानला कधीच गेली नाही.

मित्रांनो, माझं भिंग पुसत जा. माझ्या पेटीला ओल लागू देऊ नका. यादी वाचली जात असताना मिर्झाच्या मागे उभ्या असलेल्या अकरा जणांच्या कोट-टोपीतल्या काचा अजून तिच्यात आहेत.