मार कुणाचा

थोरली बाइंडिंगच्या कारखान्यात छापील कागदांना घड्या घालायची. सोळा पानांचा एक फर्मा, असे बारा फर्मे ओळीने जुळवले की झालं पुस्तक. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण घड्या घालता घालता ती वाचायचीही आणि मालकाच्या शिव्या खायची. आणि आता तिच्याच धाकट्या भावाचं आत्मचरित्र तिच्या टेबलावर येऊन पडलं.

आधीच तिच्या पोटात दुखत होतं. लहानपणी घरात एक वही आली, तर ती त्याला. शाळा सुटली हिची, शिकला तो. आता दलितांच्या दुःखाला वाचा फोडली म्हणून हार त्याच्या गळ्यात, आणि हिची बोटं शाईने काळी. लोक म्हणायचे, भाऊ किती मोठा झाला. ही म्हणायची, हो बाई, मोठाच की. मग घरी येऊन भांडी आपटायची.

तिसऱ्या फर्म्यात मात्र तिचं डोकंच फिरलं. शाळेतल्या माठाला शिवलो म्हणून मास्तरांनी छडी मोडेपर्यंत मला मारलं, असं त्याने लिहिलं होतं. अहो, मारलं होतं हिला! आपल्या जातीच्या पोरांनी लांबून ओंजळ धरायची, हे ठाऊक असूनही धाकट्याला तहान लागली म्हणून माठात पेला बुडवला तो हिने. वळ उठले हिच्या पाठीवर, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद झाली तीही हिचीच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. वही दिली, शाळा दिली, आता मारही देऊन टाकायचा?

तिने तिसऱ्या फर्म्याचा अख्खा गठ्ठा स्टुलावर ठेवला आणि त्यावर ठाण मांडून बसली. बाकीच्या बायका टेबलाभोवती फिरून फर्मे गोळा करत होत्या, तर दोननंतर थेट चार. मालक कामावरून काढायची भाषा करू लागला. ही म्हणाली, खुशाल काढा, पण आधी लेखकाला बोलवा.

धाकटा धावत आला. ताई कशावर बसलीय हे बघितलं आणि त्याची मान खाली गेली.

“मग काय लिहू, ताई? तू मार खात होतीस आणि मी पळालो, हे?”

“हेच लिही. मार माझा आहे, तो मी कुणाला द्यायची नाही. पळणं तुझं. ज्याचं त्याने सांगावं.”

आठ दिवसांनी तिसरा फर्मा नव्याने छापून आला. पहिलाच कागद तिने उभ्या उभ्या वाचला. मार आता तिच्या नावावर होता. बरं वाटलं तिला, खोटं कशाला बोला. पण पुढे आणखी काही होतं. ताईने भरलेला पेला माझ्या हातात होता, त्याने लिहिलं होतं. ती मार खात असताना मी लगेच पळालो नाही. दाराआड उभा राहून सगळं पाणी प्यालो, मग पळालो. ही गोष्ट मी आईलाही कधी सांगितली नाही.

थोरलीने ते पुन्हा एकदा वाचलं. पाणी सांडलं, मार फुकट गेला, असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती.

संध्याकाळी तो कारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. आत यायची हिंमत होईना. ती रागावली नाही, हाताने जवळ बोलावलं. त्या माठातलं पाणी तिने स्वतः कधीच चाखलं नव्हतं, आणि आता तिला त्याचाही हेवा वाटत होता.

“थंड होतं का रे?” तिने विचारलं.