चिपच्या पायाशी उभा होतो मी

“काका, नुसत्या तारेने भागतं, तर कारखान्यात हा तुकडा बसवलाच कशाला?”

हे विचारायला वैभवीने आपल्या मैत्रिणीला, समिधाला, कोपर मारमारून भाग पाडलं होतं. “विचार की! घाबरलीस ना?” असं तिचं मागून चालूच होतं.

मित्रांनो, तो तुकडा म्हणजे मी. मी एक जुना रेझिस्टर आहे. तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा, अंगावर रंगीत पट्टे.

तारापूरच्या एका कारखान्यात लाडकी नावाच्या बाईने मला कथलाचा डाग देऊन बसवलं, शिलाई मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये. तिथे एक चिप असते. सप्लाय कधी चालवायचा, कधी थांबवायचा, ते ती ठरवते. विजेचा अंदाज ती आपल्या एका पायाने घेते. त्या पायातून फार करंट आत शिरला, तर ती जळून जाते. म्हणून वाटेत मी उभा. व्होल्टेज उसळलं की करंटला अडवायचो, सोसेल तेवढाच आत सोडायचो. जरा तापायचो, पुन्हा गार व्हायचो. कौतुक मोटरचं व्हायचं. मला त्याचं काही वाटलं नाही. झाकणाआड कोण बघणार?

समिधाची आई बोईसरला घरीच शिवणकाम करते. मशीनच्या थरथरीने आणि खाऱ्या हवेने माझा तारेचा पाय गंजला आणि आज सकाळी मुळापासून तुटला. चिपला विजेचा अंदाजच येईना, मशीन ठप्प. उद्या एडवण गावात एका लग्नाची हळद, आणि हळदीच्या घागऱ्यांना झालरी लावायच्या राहिलेल्या! समिधा सप्लायचा डबा घेऊन वैभवीसोबत कमलाकांत काकांच्या दुरुस्तीच्या दुकानात धावली. काकांनी मला उपटून टेबलावर टाकलं आणि तार उचलली. तेव्हाच तो प्रश्न आला.

“अगं, आमी सगल्यांचं तार जोडून डायरेक्टच मारतो,” काका हसले. “लगेच चालतंय.”

“आणि व्होल्टेज वाढलं तर?”

काकांचा हात थांबला. “मग चिप जाते. ती सहज मिलत नाय.”

“आणि असाच नवा तुकडा?”

“तो पालघरहून आनावा लागंल. उद्या दुपारी.”

“लावू दे गं तार,” वैभवी कुजबुजली. “आई फाडून खाईल तुला.”

मित्रांनो, बंद वस्तू चालू झाली म्हणजे ती दुरुस्त झाली, असं नाही. काढलेला तुकडा कशासाठी होता, एवढं विचारत जा. माझा पाय आता जुळणार नाही. माझ्या जागी दुसरा उभा राहिला, की झालं.

समिधाने डबा काकांकडेच ठेवला आणि मला मुठीत धरून घर गाठलं. आई मांडीवर घागरा घेऊन वाट बघत होती. बाबा नुकतेच पहिल्या शिफ्टवरून आले होते.

“झालं का गं मशीन?”

“नाही. आई, बाबा, मशीन उद्या दुपारी. तार लावू नका, असं मीच सांगून आलेय. झालरी आपण तिघं हाताने लावायच्या. बाबा, हात धुवा आणि सुई घ्या!”