लझरचे कान

डोंगरावर सुरुंग फुटला तेव्हा माझ्या नवऱ्याचा सैन्यातला सोबती हम्मादी जागीच गेला, असं तुकडीने कळवलं. नवऱ्याचा, लझरचा, डावा पाय गुडघ्याखाली गेला आणि दोन्ही कानही. बोलणंही बंद झालं.

अकरा महिने मी पाटीवर लिहून त्याच्याशी बोलत होते. ऐकू येत नाही म्हणून त्याच्यासमोर काहीही बरळायचे. कुस्कुसचा रवा चाळताना बहिणीला म्हणाले होते, "मोंजिया, हा मेला असता तर मला निदान रडता तरी आलं असतं गं." लझर शेजारीच काठी तासत होता. त्याने मानही वर केली नाही.

मार्चमध्ये ट्यूनिसला डॉक्टर हयातबाईंनी त्याच्या डोक्याला तारा लावून तपासलं. म्हणाल्या, "कान शाबूत आहेत."

मी लझरकडे वळले. "म्हणजे हा सोंग करत होता?"

"नाही ताई. त्याला खरंच ऐकू येत नाही. स्फोटानंतर मनानेच दार लावून घेतलंय."

"माझ्या पोराला वेडा ठरवतेस?" सोबत आलेल्या सासूबाई कडाडल्या.

"पाय तुटलेल्याला वेडा म्हणतो का आपण, खाला? हीसुद्धा जखमच."

दर बुधवारी आम्ही पहाटेची गाडी धरून त्यांच्याकडे जाऊ लागलो. सातव्या आठवड्यात एकदा मी तव्याकडे पाठ करून कणीक मळत होते.

"रोटी करपतेय," मागून घोगरा आवाज आला.

मी वळले. लझर दारात उभा होता.

"मी मेलो असतो तर तुला रडता आलं असतं, म्हणाली होतीस ना?"

"ऐकलं होतंस तू?"

"माहीत नाही. आज आठवलं." तो भिंतीला टेकला. "हम्मादी जागीच गेला नाही, झीना. बराच वेळ मला हाका मारत होता. मला सरकताही येईना. मग हाका थांबल्या. त्यानंतर मला काही ऐकायचंच नव्हतं."

रोटीचा कोळसा झाला. हम्मादीच्या आईला 'त्याला कळलंसुद्धा नसेल' असं मीच माझ्या तोंडाने सांगून आले होते. मी तशीच जमिनीवर बसले. लझरही भिंत धरत खाली बसला, आणि आम्ही दोघं खूप रडलो.

त्या माउलीला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. हयातबाई म्हणतात, घाई नको. बुधवार चालू आहेत. अधूनमधून त्याला तासभर पुन्हा काही ऐकू येत नाही. तेव्हा मी त्याचा हात धरून बसते.