कपाटातला दसरा

जयवंतीने पेशी वाढवायचं उबेचं कपाट उघडलं आणि आधी आला तो झेंडूचा वास.

ज्या कपाटासमोर ती श्वाससुद्धा जपून सोडायची, तिथे पेशी ताणायच्या यंत्राला घसघशीत माळ घातलेली. चाकावर हळदकुंकवाची बोटं. आणि यंत्र बंद.

"एकनाथदादा!"

एकनाथ हात पुसत आला. बोईसरच्या या औषध कारखान्यातला तो मेकॅनिक. शिलाई मशीनची मोटर लावून हे यंत्र त्यानेच जुळवून दिलं होतं.

"काय झालं, बाय? सकालीच धुऊनपुसून पूजा केली. वर्षभर राबतंय बिचारं. दसऱ्याला तरी दम खाऊ दे."

"आणि ताटल्या?"

"त्या दोनी टेबलावर काढून ठेवल्या. आता परत आत. थेंब पन सांडला नाय."

जयवंती स्टुलावर बसली. आईने बोलावलं म्हणून ती सकाळी जवळच्या दांडी गावात घरी जेवायला गेली होती. तेवढ्यात हे.

ताटल्यांचा तळ पातळ रबराचा होता आणि त्यावर फुप्फुसाच्या पेशी वाढवलेल्या. मुंबईच्या एका प्रयोगशाळेकडून मागून, थर्मासमध्ये घालून आणलेल्यांपैकी या शेवटच्या. काल संध्याकाळी तिने दोन्हींना एकच जीन दिला. तो ज्या पेशीच्या गाभ्यापर्यंत पोचेल, ती पेशी नंतर रंगात घातली की निळी होते. एक ताटली यंत्राने श्वासाच्या लयीत ताणायची, दुसरी स्वस्थ ठेवायची. स्वस्थ पेशीत जीन शिरतो, पण दाराशीच अडकून पडतो. ताणलेल्या पेशीत त्याला गाभ्यापर्यंत वाट मिळते, असं तिचं म्हणणं. ते उद्या सकाळी दाखवता आलं नाही, तर प्रयोग बंद होऊन या खोलीत रिकामी पिंपं येणार होती. साहेबांनी तसं बजावलं होतं.

तिने ताटल्या उजेडात धरल्या. दोन्हींतलं पाणी गढूळ दिसत होतं. उद्यापर्यंत थांबलं तर जंतू सगळं फस्त करणार. आत्ता रंगात घातलं तर जीनला मिळालेला वेळ अपुरा.

"चुकलं काय माजं?" एकनाथने हळूच विचारलं.

तिने रंगाची बाटली पुढे ओढली.

उद्याची वाट न बघता ताटल्या आत्ताच रंगात घालायच्या, असं तिने ठरवलं. पहिल्याच धुण्यात ताणलेल्या ताटलीतल्या पेशी सायीसारख्या सुटून मोरीत गेल्या. कडेला बोटभर पट्टी उरली होती. तेवढी तिने श्वास रोखून जपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. पट्टी बघून हसले.

"एवढंसं? बाकीच्या पेशी कुठे गेल्या?"

"धुताना सुटल्या, सर. ताटल्या बराच वेळ कपाटाबाहेर होत्या."

"म्हणजे प्रयोग फसला."

"नाही, सर. दोन्ही एकदमच बाहेर होत्या, दोन्हींचे हाल सारखेच झाले. फरक फक्त ताणाचा, तोसुद्धा पूर्ण वेळ नाही, रात्रभरच. एकदा बघा."

साहेब नाखुशीने सूक्ष्मदर्शकावर वाकले. स्वस्थ ताटली पांढरी होती, कुठे चुकार ठिपका. पट्टी सरकवली तशी त्यांची मान स्थिर झाली. पट्टी निळी होती. शाई सांडावी तशी.

"कपाटाबाहेर कोणी ठेवल्या?"

नाव सांगितलं तर एकनाथची नोकरी जाणार, नाही सांगितलं तर जयवंतीची खोली.

"मी, साहेब," दारातून एकनाथ म्हणाला. "मशीन पन मीच बंद केलं. तुमीच बोल्लात ना, नारल फोडताना? एकपन मशीन पूजेशिवाय राहायला नको. हे राहिलं असतं तर तुमीच वराडला असता."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे. बोटावरचं कुंकू त्यांचंही अजून पुरतं गेलं नव्हतं.

"हे पुन्हा दाखवता येईल?"

"पेशी मिळाल्या तर."

"आठ दिवस देतो. त्यानंतर पिंपं येतील. पेशी कुठून आणणार?"

"पुन्हा मागून," जयवंती म्हणाली आणि रिकामा थर्मास शोधायला वळली.