मावळत्या अध्यक्षांची रेसिडेन्सिया

सोसायटीच्या फलकावर मी सूचना लावली तेव्हा माझ्या मनात एकच इच्छा होती. कुणीतरी माझी तक्रार करावी.

सूचना अशी होती: 'मावळते अध्यक्ष श्यामसुंदर मेहेंदळे यांच्या कारभाराबद्दल ज्यांची तक्रार असेल त्यांनी ती शनिवारपर्यंत रोज सकाळी सोसायटीच्या ऑफिसात येऊन समक्ष सांगावी. तक्रार करणाऱ्याचा अपमान केला जाणार नाही.' शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं होतं, कारण एरवी तो केला जात असे.

कल्पना माझी नाही, स्पेनच्या राजांची. मी जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवला, त्यातही 'अमेरिकेतली स्पॅनिश राजवट' हा पेपर. मुलं तो आवडीने घेत, कारण माझ्या नोट्स दरवर्षी त्याच असत. राजा स्पेनमध्ये. त्याच्या हाताशी वसाहतींचा कारभार पाहणारं एक मंडळ. समुद्रापलीकडे मेक्सिकोत आणि लिमाला एकेक व्हाइसरॉय, त्याच्यावर डोळा ठेवायला औदिएन्सिया नावाचं न्यायपीठ, खाली प्रांताप्रांताचे गव्हर्नर आणि तळाला गावची पंचायत, काबिल्दो. प्रत्येकाने दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि त्या वर कळवायच्या. आमच्या धायरीच्या सोसायटीत अध्यक्ष झाल्यावर मला काहीही नव्याने शिकावं लागलं नाही.

या सगळ्या यंत्रणेत मला सगळ्यात आवडायची ती रेसिडेन्सिया. अधिकाऱ्याची मुदत संपली की त्याला लगेच घरी जाता येत नसे. गावात दवंडी पिटायची, की या माणसाबद्दल ज्याला जे म्हणायचं असेल त्याने ते येऊन सांगावं. चौकशीला न्यायाधीश बसायचा, पुष्कळदा त्याच्या जागी आलेला नवा अधिकारीच. आणि चौकशी पुरी होईपर्यंत जुन्याने त्याच गावात राहायचं. हलायचं नाही. वर्गात हे सांगताना मला त्या अधिकाऱ्यांची कीव यायची. आता हेवा वाटत होता.

कारण मला धायरी सोडायची नव्हती. हिवाळ्यात मी बाथरूममध्ये पडलो. आतून कडी होती. मी फोन उचलेना म्हणून मुलाला, आमोदला, खराडीहून धावत यावं लागलं आणि दार फोडावं लागलं. तेव्हापासून त्याचं आणि सुनेचं, सुरुचीचं, एकच पालुपद: बाबा, आमच्याकडे चला, तिथे लिफ्ट आहे, माणसं आहेत. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही हे खरं. माणसं मात्र आहेत, असं मी म्हणालो. आमोद म्हणाला, "कोण आहे बाबा? त्या दिवशी तुम्ही हाका मारत होतात, कोण आलं?"

 मी विषय बदलून त्याला रेसिडेन्सिया सांगितली. म्हटलं, "अध्यक्षपद सोडतो. एकही तक्रार आली नाही तर रविवारी तुझ्याबरोबर येतो. एक जरी आली, तरी ती निकालात निघेपर्यंत मी इथून हलणार नाही."

आमोद हसला. "डन. तुमचाच नियम. मग रडायचं नाही हं."

त्याला वाटलं म्हातारा खेळ मांडतोय. मला मात्र खात्री होती. इतकी वर्षं मी लोकांच्या गाड्यांना कुलपं लावली, गच्चीवरचे पापड खाली आणायला लावले, गणपतीत दहाच्या ठोक्याला स्पीकर बंद केले. ऑफिसबाहेर रांग लागेल, असंच मी धरून चाललो होतो.

ऑफिस म्हणजे तळमजल्यावर मीटरच्या खोलीला लागून असलेली एक खोली. मी तिथे टेबलापाशी बसलो, समोर तक्रारदारासाठी खुर्ची ठेवली. पहिले दोन दिवस त्या खुर्चीवर मांजर बसलं.

लोक दारावरून जात. मला पाहून मान लववत आणि पाऊल उचलत. कुणी म्हणे, "काय सर, बरं आहे ना?" मी "बरं नाही, आत या" म्हणेपर्यंत ते जिन्यात पोचलेले असत. तेव्हा हिची फार आठवण आली. आमची ही असती तर सकाळचा चहा होण्याआधीच चार तक्रारी झाल्या असत्या, आणि चारही रास्त. ती गेल्यापासून मला कुणी रागावलेलंच नाही. माणसाला आपल्यावर रागवायला कुणी उरू नये, हे फार वाईट असतं.

शेवटी मी वॉचमन संपतलाच बोलावलं. म्हटलं, "पाण्याच्या पंपावरून मी तुला किती बोललो असेन. सांग काय ते."

"तक्रार?" संपत म्हणाला. "न्हाय बा. तुमी बोलायचं, आमी ऐकायचं. तेवढंच कुनीतरी बोलत हुतं. आता बाकीचे समदे मोबाइलवर मेसेज टाकत्यात."

बुधवारी तेजस आला. हा नवा अध्यक्ष. मूळचा यवतमाळचा, खराडीला कंपनीत कामाला. खुर्चीच्या कडेवर बसला आणि बिचकत म्हणाला, "सर, आपण आमच्यावर नाराज आहात का?"

"मी? नाही."

"नाही म्हणजे, ती नोटीस. ग्रुपवर सगळे म्हणत होते की सरांनी टोमणा मारला. आपण एवढं केलं आणि आम्ही थँक यू पण नाही म्हटलं, म्हणून."

मी कपाळावर हात मारला. माझ्या पूर्वजांनी पेठांतल्या दारांवर ज्या पाट्या लावल्या त्यांचं हे फळ. पुण्यात कुणी सरळ मनाने दोन ओळी लिहून लावल्या तरी लोक त्यात खोच शोधतात. मी म्हटलं, "तेजस, त्यात खरंच तक्रारी मागितल्या आहेत. न्यायाधीश तू आहेस. तुझी काही असेल तर तूच सांग."

"माझी? सर, फ्लॅट घेण्याआधी मी इथे भाड्याने राहायचो तेव्हा भाडेकरूंना मीटिंगमध्ये बोलू द्यायचा नियम आपणच केला. आपल्याबद्दल कशाची तक्रार राहील?" असं म्हणून त्याने माझ्या पायांना हात लावला. "सर, आम्ही शनिवारी आपला सत्कार ठेवला आहे. नाही म्हणू नका."

शनिवारी शाल आली, श्रीफळ आलं. ज्यांच्या गाड्यांना मी कुलपं लावली होती ते माझ्या शिस्तीबद्दल बोलले. पापडवाल्या बाई तर गहिवरल्या. जाणाऱ्या माणसाला आपल्याकडे नावं ठेवत नाहीत. मी भाषणाला उभा राहिलो आणि म्हणालो, "अजून वेळ गेलेली नाही, कुणाला काही सांगायचं असल्यास." सगळे मनापासून हसले. माझ्या शेजारच्या उल्काताई तेवढ्या आल्या नव्हत्या. वेफर्स संपले, लोक पांगले, आणि शाल अंगावर घेऊन मी एकटाच तीन मजले चढलो.

रविवारी आमोद टेंपो घेऊन आला. निकालाची वाट न पाहता त्याने घर भाड्याने देऊनही टाकलं होतं, एक तारखेला नवीन माणसं येणार होती. खाली सामान चढत होतं, आणि मी रिकाम्या घराच्या दारात उभा होतो. समोरचं दार उघडलं. उल्काताई. बँकेतून निवृत्त झालेल्या, तोलून बोलणाऱ्या. त्यांचे यजमान दिगंबरराव दोन वर्षांपूर्वी गेले.

"सर, काल आले नाही मी," त्या म्हणाल्या. "मला भाषण करायला लावलं असतं, आणि मला खोटं बोलता येत नाही."

मी दारातून पुढे झालो. "तुमची तक्रार आहे?"

"आहे. खाली पार्किंगमध्ये बाक बसवायचा ठराव झाला होता. आठवतो?"

आठवत होता. सभेत तो एकमताने झाला होता. अमेरिकेतल्या स्पॅनिश अधिकाऱ्यांची एक रीत होती. राजाची आज्ञा आली की ते कागदाचं चुंबन घेत, तो डोक्यावर ठेवत आणि म्हणत, आज्ञा मान्य आहे, पण अमलात आणत नाही. मीही 'ठराव शिरसावंद्य' म्हटलं होतं आणि बाक आणला नव्हता. बाक आला की लोक बसणार, लोक बसले की गप्पा होणार, आणि माझी दुपारची झोप जाणार.

"ह्यांना शेवटी तीन मजले एका दमात चढवत नसत," उल्काताई सांगत होत्या. "फिरून आले की खाली टेकायचे. कुणाच्यातरी स्कूटरवर. स्कूटरवाला आला की उठायचे आणि त्यालाच सॉरी म्हणायचे. मी गॅलरीतून बघायचे. तुमचा इतका राग यायचा."

मला भयंकर वाईट वाटलं. आणि त्याच क्षणी आनंदही झाला, तो मी कसा लपवू? खरी, रास्त, मी राहिल्याशिवाय मिटणार नाही अशी तक्रार होती ती. मी म्हटलं, "उल्काताई, हे तेजसला सांगा. आत्ता सांगा. मी जात नाही. बाक बसेपर्यंत मी इथून हलत नाही."

"छे हो. त्याला कशाला सांगायचं? दिलं सोडून मी." त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला, आणि तेच मला सहन होईना.

"सोडू नका ना," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "सर, तक्रार कुणाकडे करतात? जो उद्या जिन्यात भेटणार आहे त्याच्याकडे. तुम्ही राहणार आहात का? तसं म्हणा. मग मी बाकापासून सुरू करते. पुष्कळ साठलंय."

मी जिन्याकडे वळलो. आमोद वर येत होता. माझ्या औषधांची पिशवी त्याने टेंपोत ठेवली नव्हती, हातात धरली होती. बाथरूमच्या दाराशी तो आला की अजून त्याचा चेहरा उतरतो, हे मी सकाळीच पाहिलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "जातोय."

"मग झालं तर." त्यांनी पदर सावरला. "निघा. ऊन व्हायच्या आत पोचाल."

गाडी सिंहगड रस्त्याला लागल्यावर आमोदने विचारलं, "काकू काय म्हणत होत्या? तक्रार?"

"नाही," मी म्हटलं. "काही नाही म्हणाल्या."

"बघा! एवढी वर्षं अध्यक्ष, आणि एक तक्रार नाही." त्याला खरंच माझा अभिमान वाटत होता. घरी पोचेपर्यंत त्याने ते फोनवरून सुरुचीला दोनदा सांगितलं.